रुपयाला दोन आणे सूट

तर झालं असं. २०२५ च्या दिवाळीत चार दिवस कोयनानगरला मामाकडे गेलो होतो. लॅपटॉप मुद्दाम पुण्यात ठेवला होता. (आयटीतला माणूस दिसला की नातेवाइकांना घरचा बंद पडलेला प्रिंटर आठवतो.) मामाचं किराणा दुकान आहे. आजोबांनी ते धरणाचं काम चालू असताना टाकलं होतं. दुकानाच्या दारात मामाने खडूने पाटी लिहिली होती : "दिवाळीनिमित्त रुपयाला दोन आणे सूट." आजोबा दर दिवाळीला हेच लिहायचे म्हणून मामाही हेच लिहितो. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला आणे कळत नाहीत, म्हणून त्यात साडेबारा टक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावर भांडण. गिऱ्हाईक होते नाना, प्रकल्पाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. माल ८४० रुपयांचा. मशीनने बिल काढलं ७३९. नाना म्हणाले, ७३५.

"नाना, मशीन कशाला खोटं बोलंल?"

"रुपयाला दोन आणं म्हंजी आठवा हिस्सा. आठशेचाळीसचा आठवा एकशेपाच. तुझ्या मशीनला निमकी-पावकी शिकवली न्हाई का कुणी?"

मामाचा चेहरा पडला. प्रश्न चार रुपयांचा नव्हताच. एवढ्याशा गावात दुकानदाराची पाटी एक आणि बिल दुसरं निघालं, की पुढची दहा वर्षं लोक बिल तपासून घेतात. मामाने माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉप पुण्यात असून काही उपयोग झाला नाही.

माझा पहिला संशय जीएसटीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, साबण-टूथपेस्ट-केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं, आणि तेव्हाच सॉफ्टवेअरवाल्याने लांबूनच काहीतरी अपडेट करून दिलं होतं. पण कर इथे निर्दोष निघाला. छापील एमआरपीत कर धरलेलाच असतो, आणि बिलावर दाखवलेली सूट आधी वजा होऊन उरलेल्या किमतीवर कर मोजला जातो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हिशोब सरळ आहे, किमतीचे सात अष्टमांश द्यायचे. मग शेवटी रुपयात पूर्ण करताना गडबड? त्याने फार तर पन्नास पैशांचा फरक पडेल, चार रुपयांचा नाही.

म्हणून जुना उपाय केला. शंभर रुपयांची एकच खोटी वस्तू बनवली आणि बिल काढलं. सूट १२ रुपये. दोनशेची बनवली. सूट २४. सापडला! योजनेच्या स्क्रीनवर १२.५ दिसत होतं, पण वस्तूच्या तक्त्यात सुटीचा रकाना पूर्णांकाचा होता. अर्धा टक्का तिथे जाताना गळत होता, तोही मुकाट्याने, कुठलीही सूचना न देता. ८४० चे १२ टक्के १००.८०. उरले ७३९.२०, म्हणून ७३९.

मी हे समजावून सांगत होतो, तर नाना हसायला लागले. म्हणाले, "ह्यो अर्धा पैसा तर सत्तावन्न साली पण गायब झाल्ता."

आणि ते शब्दशः खरं आहे!

१ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली. कायदा १९५५ मध्येच बदलला होता. रुपया तोच राहिला, फक्त पोटातले भाग बदलले. आधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. आता १०० 'नवे पैसे'. (१ जून १९६४ ला 'नवे' हा शब्द गेला.) सोळा आण्यांचे शंभर, म्हणजे एक आणा सव्वासहा पैसे, आणि दोन आणे बरोब्बर साडेबारा. पण अर्ध्या नव्या पैशाचं नाणं सरकारने काढलंच नव्हतं. मग तक्ते आले. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. दोन आण्यांसमोरचा तो १२ म्हणजे मामाच्या सॉफ्टवेअरमधलाच १२.

गंमत म्हणजे पोस्टाने उलट केलं. दोन आण्यांचं पाकीट १३ नव्या पैशांना झालं आणि नकाशाचं चित्र असलेल्या नव्या तिकिटांमध्ये १३ चं तिकीटही निघालं. एकच साडेबारा, तक्त्यात खाली गेले, टपालात वर. आम्ही प्रोग्रामर लोक यावर मीटिंगा घेतो. अर्धा खाली टाकायचा, वर चढवायचा, की जवळच्या सम संख्येकडे न्यायचा? तिन्ही पद्धती आजही वापरात आहेत, आणि एकाच सिस्टिममध्ये दोन नांदत असतील तर भांडण ठरलेलं.

१९५७ साली नाना दहा वर्षांचे. वडील धरणावर मुकादम. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, सातारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, आणि हेळवाकजवळ कोयनेवर धरणाचं काम चालू होतं. नानांचा त्या वेळचा उद्योग ऐका. पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, मोडून पंचवीस नवे पैसे घ्यायचे. मग एक आण्याच्या गोळ्या एकदम चार आण्यांच्या न घेता चार वेळा जाऊन आणायच्या. दर वेळी सहा पैसे. चार फेऱ्यांचे चोवीस, एक पैसा खिशात. "तुझ्या आज्यानं तिसऱ्या दिशी वळखलं," नाना म्हणाले. आजोबांनी मग उपाय काढला. दिवसभराचं पोरांचं गोळ्या-बिस्किटांचं देणं वहीत लिहायचं आणि संध्याकाळी एकदम आण्यांत बेरीज करून एकदाच पैशांत बदलायचं.

हे ऐकून मी उभाच राहिलो. कारण आमच्या धंद्यातला हा पाठच आहे. प्रत्येक ओळीला पूर्णांक करायचा की बेरजेला शेवटी एकदा? ओळीओळीला केलं की फरक साचत जातो. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजायचा आणि तिसऱ्या दशांशापुढचं नुसतं कापून टाकायचा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ पर्यंत घसरला. चूक दुरुस्त केल्यावर आकडा आला १०९८! बाजार वर चालला होता आणि फलक खाली. ते जे बाविसेक महिने चालू राहिलं, ते आजोबांच्या गल्ल्यावर तिसऱ्या दिवशी पकडलं गेलं. (भाचा-नातू म्हणून थोडा पक्षपात चालतो.)

आता आणे गेले ते बरंच झालं, असं मीही शाळेपासून मानत आलो. सोळा, चौसष्ट, एकशेब्याण्णव, कशाला हवी ही कटकट? पण त्या रात्री कागदावर मांडलं. अधेली म्हणजे रुपयाचा अर्धा, पावली पाव, चवली आठवा, आणा सोळावा, अर्धा आणा बत्तिसावा, पैसा चौसष्टावा. दर वेळी अर्धं. ही तर बायनरी आहे! कॉम्प्युटरच्या पोटात एक आणा अगदी बिनचूक बसतो. एक नवा पैसा, म्हणजे ०.०१, नेमका बसत नाही, जवळपासचा आकडा धरावा लागतो. (म्हणूनच पैशांच्या हिशोबाला फ्लोट वापरू नका, असं नव्या मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगावं लागतं.) आणि त्या काळी वजनंही याच चालीची होती. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. सोळा छटाकांचा शेर, सोळा आण्यांचा रुपया. शेराला तीन रुपये भाव, तर छटाकाला तीन आणे. गणित करायचंच नाही! पाढेही तसेच : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी. नानांनी आठशेचाळीसचा आठवा हिस्सा मी मोबाईल काढायच्या आत सांगितला, तो या शिदोरीवर.

सर्वांत वाईट अवस्था मधल्या काळाची. पैसा १९५७ ला दशमान झाला, किलो मात्र ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला. मधल्या काळात भाव नव्या पैशात आणि माप जुन्या शेरात. इंग्लंडने १५ फेब्रुवारी १९७१ ला बदल केला तेव्हा निदान अर्ध्या नव्या पेनीचं नाणं काढलं. जुनं सहा पेन्सचं नाणंही अडीच नव्या पेन्सना चालू ठेवलं, १९८० पर्यंत. तिथला अर्धा हातात तरी आला. आपल्याकडे तो प्रत्येक गल्ल्यावर कुणाच्या तरी बाजूला पडत होता, आणि तक्ता वाचता न येणाऱ्या माणसाच्या बाजूला तो पडला असेल असं मला वाटत नाही.

असो. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघतो. मग मीच आडवाट शोधली. वस्तूवरची सूट बंद केली आणि संपूर्ण बिलावरच्या सुटीच्या रकान्यात १२.५ घातलं. तो रकाना दशांश घेत होता. ८४० चं बिल पुन्हा काढलं, ७३५. नानांनी चष्मा लावून पाहिलं, पैसे दिले, पिशवी उचलली.

मामा मात्र बसून राहिला. सूट नऊ दिवस चालू होती. विक्री काढली तर १,८४,००० रुपये. त्यावर अर्धा टक्का म्हणजे ९२० रुपये लोकांकडून जास्त घेतले गेले होते. मी म्हटलं, "मामा, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"नानांच्या आलं की," मामा म्हणाला.

संध्याकाळी आम्ही दोघं खात्याची वही घेऊन बसलो. ज्यांची नावं होती त्यांच्या नावावर सात रुपये, साडेतीन रुपये, अकरा रुपये असे जमा करत गेलो. सगळे मिळून ५४८ झाले. उरलेले ३७२ रोखीच्या गिऱ्हाइकांचे, बरेचसे धरण बघायला आलेले, नाव ना गाव. ते मामाने एका पाकिटात घालून गल्ल्याच्या मागच्या खणात ठेवले. पाटी पुसली नाही, फक्त खाली एक ओळ वाढवली : "बिल तपासून घ्यावे."