जाळीचा देव, आणि जाळी

एम.ए.च्या वर्गाला 'लीळाचरित्र' शिकविणे हा आमच्या व्यवसायातील नित्यक्रम आहे. यादवकालीन गद्य, म्हाइंभटांची संशोधकाला शोभेल अशी चिकाटी, ऋद्धिपूर, शके १२००, मूळ पोथी नाहीशी झाल्यावर आठवणींतून झालेली पुनर्रचना, सकळ लिपी आणि राजवाड्यांनी केलेली तिची उकल हे सारे इतके तोंडपाठ झाले आहे की शिकविताना मन भलतीकडेच असते. अशाच एका तासाला भोकरदनकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमच्या तालुक्यात जाळीचा देव आहे. ही जाळी म्हणजे नेमकी कशाची? खिडकीला असते ती?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि मग कोशात शोभेल असे उत्तर दिले : जाळी म्हणजे काटेरी झुडपांचे आणि वेलींचे एकमेकांत गुंतलेले, बाहेरून दाट व आतून पोकळ असे बेट. करवंदीची जाळी, बोरीची जाळी. वाघ जाळीत बसतो. उत्तर बरोबर होते. परंतु तास संपल्यावर शिक्षक-कक्षात चहा घेताना आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आले की, ज्या जाळीत वाघ बसेल अशी जाळी आमच्यापैकी कोणीही आयुष्यात पाहिलेली नाही. आम्ही पुस्तकातली जाळी पुस्तकातच समजावून सांगितली होती.

मराठीत झाडांच्या समूहाला शब्द थोडे नाहीत. राई, बन, झाडी, जाळी, वन, रान. त्यांतील भेद एके काळी कानाला कळत असत. राई म्हणजे मोठ्या झाडांची सावली, बन बहुधा एकाच जातीचे, झाडी म्हणजे पसरलेला प्रदेश, जाळी म्हणजे लपण्याची जागा. आमच्या मराठवाड्यात यांतील सर्वांत मोठ्या शब्दाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे माणूस "रानात जातो" म्हणतो तेव्हा तो शेतात जात असतो. रान नांगरतात, रानाला पाणी देतात, रान वाटून घेतात. जंगल तोडून शेत झाले आणि नाव मात्र जंगलाचेच राहिले. या भागातील जंगलतोडीचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याची पहिली नोंद या एका शब्दात सापडेल असे आम्हांस वाटते. असो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही निघालो. जालन्याहून भोकरदन, तेथून उत्तरेला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली, मक्याची कणसे खळ्यात पडलेली. झाड दिसते ते बांधावर, विहिरीजवळ किंवा देवळापुढे. पण गावांच्या पाट्या वाचाव्यात तर वेगळाच प्रदेश समोर येतो. मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे पिंपळगाव रेणुकाई. धावडा. पळसखेडा, तोही एक नव्हे. खाली घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जांब. धावडा नावाचे झाड धावडा गावात आज किती आहे, हे आम्ही मुद्दामच विचारले नाही.

याच परिसरात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असता, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. त्या दोहोंतील एकाचे नाव पिंपळगाव. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर एका एल्म वृक्षापाशी उभा राहून त्याने लढाई चालविली. त्या झाडाची पुढची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. लढाईनंतर ते झाड पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली. प्रत्येकाला आठवणीसाठी त्याचा तुकडा हवा होता. कोणी साल काढली, कोणी फांदी नेली, आणि झाडापर्यंत पोहोचताना शेतातले उभे पीक तुडविले. शेवटी १८१८ साली मालकाने वैतागून ते विकले व तोडले. त्या लाकडाची खुर्ची करून राजा चौथा जॉर्ज याला भेट देण्यात आली. झाडाला शत्रूच्या तोफांनी जेवढे केले नाही तेवढे आदराने केले.

जाळीचा देव हे स्थान अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळ, जयदेववाडी येथे आहे. महानुभाव संप्रदायात सांगितले जाते ते असे : श्रीचक्रधरस्वामी भ्रमण करीत या डोंगरात आले, एका जाळीत शिरून बसले. जाळीत वाघाची पिले होती. स्वामींनी ती मांडीवर घेतली. कथा एवढीच. 'लीळाचरित्रा'च्या 'एकांका'त पारध्यांच्या कुत्र्यांपुढून धावत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली लपतो, तीच ही वृत्ती. फरक इतकाच की, तेथे ससा आश्रयाला आला आणि येथे स्वामीच वाघिणीच्या घरात पाहुणे म्हणून गेले. शिकविताना आम्ही अहिंसेवर भर देतो. वाटेत बोलताना प्रथमच जाणवले की, ही कथा जागेचीही आहे. जाळी नसेल तर कथाच उभी राहत नाही : दाट, काळोखी, आत माणसाला वाकून शिरावे लागेल अशी.

प्रत्यक्षात समोर आले ते मंदिर, सभामंडप, भक्तनिवास, प्रसादाची आणि खेळण्यांची दुकाने. पौर्णिमा नव्हती, म्हणून गर्दी बेताची. पायांखाली गुळगुळीत फरशी. "दंडवत प्रणाम" म्हणत एक वृद्ध साधू पुढे आले. आम्ही येण्याचे कारण सांगितले.

"जाळी कुठं होती, बाबा?"

"हेच स्थान."

"नाही, झाडं. झुडपं."

त्यांनी आमच्याकडे थोडे कीव केल्यासारखे पाहिले. "सर, देवाचा संबंध झाला तो भूमीला. भूमी हाये ना हितंच? मग जाळी कशाला पायजे?"

हे उत्तर सहजासहजी खोडून काढता येत नाही, कारण महानुभावांची सारी स्थानकल्पना या एका वाक्यात आहे. मूर्तीपेक्षा तेथे स्पर्श मोठा. जेथे स्वामी बसले तेथे ओटा बांधला, त्या ठिकाणचा पाषाणही वंदनीय ठरला. 'स्थानपोथी' हा ग्रंथ तर या दृष्टीने जगाच्या साहित्यात विरळा म्हणावा लागेल. कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाचे दार कोणीकडे, वडाखाली की पिंपळाखाली. तेथे आसन झाले, वसती झाली की काही काळ अवस्थान. इतकेच काय, परिश्रयाची, म्हणजे देहधर्माची, ठिकाणेही टिपलेली. तेराव्या शतकातील महाराष्ट्राच्या भूगोलाचे इतके बारीक साधन दुसरे नाही. आम्ही ते संप्रदायाचे वाङ्मय म्हणून शिकवितो आणि पुढे जातो. त्यात किती झाडे आहेत हे मोजावेसे आम्हांला कधी वाटले नव्हते.

त्याच शतकात इंग्लंडमध्येही कोणी तरी झाडांची नोंद करीत होते. केंब्रिजशायरमध्ये हेली वुड नावाचे एक लहानसे वन आहे. १२५१ साली ईलीच्या बिशपच्या मालमत्तेची जी वही झाली तिच्यात या वनाचे नाव आणि क्षेत्रफळ, ८० एकर, लिहिलेले आहे. ऑलिव्हर रॅकम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७५ साली या एका वनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जुनी कागदपत्रे वाचायची, वनाच्या कडेचे बांध आणि चर शोधायचे, बुंध्यांचा घेर मोजायचा आणि त्यांतून सातशे वर्षांचा इतिहास उभा करायचा, ही त्याची रीत. बिशपच्या कारकुनाला वनाविषयी भक्ती नव्हती. त्याला सरपण, काठ्या आणि वासे हवे होते. झाड बुंध्याशी तोडायचे, फुटवे येऊ द्यायचे, काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. हे शतकानुशतके चालले आणि उपयोग होता म्हणूनच त्या जमिनीवर नांगर फिरला नाही, असे रॅकमचे म्हणणे. आपल्याकडच्या देवरायांची गोष्ट याच्या उलट. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवराया पालथ्या घातल्या. तेथे वन टिकले ते काडीलाही हात लावायचा नाही म्हणून. देव उघड्यावर, झाडांच्या गर्दीत. पुढे त्याला पक्के देऊळ बांधायचे ठरले की बऱ्याच ठिकाणी लाकूड त्याच राईतले.

म्हणजे वन टिकले तर कामामुळे, नाही तर धाकामुळे. आमची जाळी या दोहोंतही बसत नाही. तिच्यावर प्रेम होते, आणि ती गेली. भक्त आले, भक्तांना बसायला जागा हवी, सावलीला छप्पर हवे, गाडीला रस्ता हवा. कोणी वाईट हेतूने एक फांदीही तोडली नसेल. वॉटर्लूच्या एल्मची आठवण येते ती या ठिकाणी. अर्थात तेथे तुकडे घरी नेले, येथे स्थान जागेवरच राखले, हा फरक लहान नाही.

येथे आम्हा दोघांत मतभेद आहे आणि तो परतीच्या वाटेवरही मिटला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, साधूंचे उत्तर पुरेसे आहे. झुडूप पन्नास-शंभर वर्षांत मरणारच होते. तेराव्या शतकातील जाळी विसाव्या शतकापर्यंत कोणी जपली असती तरी ती तीच जाळी नसती. नाव राहिले, हे काय कमी झाले? दुसऱ्याचे म्हणणे : शिष्यांनी देशाच्या शेवटी जाऊन झाडाखाली आयुष्य घालवावे असे सांगणाऱ्या पुरुषाच्या स्थानी झाड नसावे, ही केवळ बाह्य गोष्ट नव्हे. 'स्थानपोथी'कारांना भूमीच पुरेशी होती तर त्यांनी झाडांची नावे लिहिलीच नसती. ज्या अर्थी लिहिली, त्या अर्थी झाड हा त्या आठवणीचा भाग होता. शिवाय नाव राहिले म्हणावे तर तेही कसे राहिले? तालुक्यातली हुशार मुलगी त्या नावाचा अर्थ विचारते आणि तिला खिडकी आठवते.

साधूंचा निरोप घेऊन आम्ही वस्तीच्या मागे डोंगराच्या अंगाला चढलो. तेथे अजून झाडी आहे. फार मोठी नव्हे. पळस, सीताफळ, बोरी, मध्येच सलईचे एखादे गोरे खोड. पावसाळ्यातले गवत वाळून पिवळे झालेले. एका ओघळीच्या काठाने शेळ्या चरत होत्या आणि खडकावर एक म्हातारे गृहस्थ काठी आडवी धरून बसले होते. आमच्या शहरी कपड्यांकडे पाहून त्यांनी आपण होऊन विचारले,

"काय हुडकताय, गुरुजी?"

काय सांगावे हे सुचेना. 'लीळाचरित्र' म्हणावे की काय म्हणावे. आमच्यातील एकाने ओघळीपलीकडच्या बोरीच्या गच्च गुंत्याकडे बोट दाखवून विचारले, "मामा, त्याला काय म्हणता तुम्ही?"

"जाळी."

इतक्या सरळपणे तो शब्द आला की आम्ही तो वहीत लिहून घ्यायलाही विसरलो. जवळून पाहावे म्हणून दोन पावले पुढे टाकली, तसे ते काठी टेकून उठलेच.

"तिकडं नका जाऊ. डुकरीण व्यालीय आत. पिल्लं हायेत."