पॉइंट्सचं गणित

वजन कमी करणाऱ्यांच्या तोंडी 'आज माझे २२ पॉइंट्स झाले' असं वाक्य ऐकलं, की माझ्यातला प्रोग्रॅमर जागा होतो. हा पॉइंट येतो कुठल्या फॉर्म्युल्यातून? म्हणून या वीकेंडला जरा खोदकाम केलं.

गंमत म्हणजे सुरुवातीला पॉइंट्स नव्हतेच. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची गृहिणी राहायची. वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो. शहराच्या आरोग्य खात्याच्या क्लिनिकने तिला आहार ठरवून दिला: आठवड्यातून पाचदा मासे, एकदा लिव्हर, गोड बंद. पण बाईंनी बाथरूममधल्या कपड्यांच्या टोपलीत चॉकलेटची बिस्किटं लपवलेली! क्लिनिकमध्ये हे सांगवेना. शेवटी सहा मैत्रिणींना घरी बोलावून सांगितलं, तर त्यांनीही आपापल्या चोऱ्या कबूल केल्या. याच बैठकांतून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' कंपनी निघाली.

अमेरिकेत पॉइंट्स आले १९९७ मध्ये. फॉर्म्युला असा: कॅलरीज भागिले ५०, अधिक फॅटचे ग्रॅम भागिले १२, वजा फायबरचे ग्रॅम (जास्तीत जास्त ४) भागिले ५. रोजचं बजेट ठरलेलं, त्यात बसेल ते खा. बंदी कशावरच नाही. हिशोबाला पुठ्ठ्याची सरकपट्टी मिळायची.

आता १०० कॅलरीज घेऊन बघू. तेलाचे होतात ३ पॉइंट्स, साखरेचे २, सफरचंदाचा साधारण १. म्हणजे साखर तेलापेक्षा स्वस्त! यात चूक गणिताची नाही. त्या काळी अमेरिकेत सगळे फॅटला घाबरत होते, आणि ती भीती सरळ कोडमध्ये उतरली.

मग व्हर्जन बदलत गेली. २०१० मध्ये कॅलरीज थेट मोजणं बंद झालं. प्रोटीन, कार्ब्ज, फॅट आणि फायबर यांवरून पॉइंट्स ठरू लागले आणि बहुतेक फळं शून्यावर आली. २०१५ च्या शेवटी साखर आणि सॅच्युरेटेड फॅट महाग झाले, प्रोटीन स्वस्त. म्हणजे तोच नाश्ता, तेच शरीर, पण एका रिलीजनंतर कालचा शहाणा माणूस आज उधळ्या ठरला!

२०२३ मध्ये याच कंपनीने वजनावरची औषधं ऑनलाइन लिहून देणारी एक कंपनी विकत घेतली. मे २०२५ मध्ये कर्जापायी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्जही करावा लागला.

मला विचाराल तर पॉइंट्स जरूर मोजा, आकड्यामुळे हात आवरतो हे खरं. पण तो आकडा म्हणजे शरीराचा निकाल नव्हे, कुणीतरी त्या त्या वर्षी केलेलं मत आहे. एखाद्या दिवशी बजेट कोसळलं तर स्वतःला नापास करू नका. टोपलीतली बिस्किटं कुणाला तरी सांगून मोकळे व्हा. निडेचबाईंचं ते व्हर्जन मला अजून सगळ्यांत स्टेबल वाटतं.