प्रज्ञावंत विद्यार्थ्यांचे आठवीनंतरचे शालेय प्रवेश (नागपूर)

प्रज्ञावंत विद्यार्थ्यांचे आठवीनंतरचे शालेय प्रवेश हा महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणातील एक संक्रमणाचा टप्पा आहे. उच्च प्राथमिक स्तरावरील (इयत्ता सहावी ते आठवी) शिष्यवृत्ती व प्रज्ञाशोध योजनांतून पुढे आलेल्या विद्यार्थ्याला नववीत कोणत्या शाळेत, कोणत्या परीक्षेद्वारे आणि कोणत्या खर्चाने प्रवेश मिळतो, हा या टप्प्यातील मुख्य प्रश्न होय. प्रस्तुत लेखात नागपूर शहर व जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेल्या मार्गांची माहिती दिली आहे. राज्यातील बहुतेक योजना विद्यार्थ्याची गुणवत्ता ओळखून त्याला प्रमाणपत्र व आर्थिक साहाय्य देतात. शाळेतील जागा मात्र देत नाहीत. जागा देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत व त्यांच्या परीक्षाही वेगळ्या आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दीर्घकाळ पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक अशी रचना होती. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या शाळा प्रामुख्याने चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत चालत आणि आठवीपासूनचे वर्ग खासगी अनुदानित विद्यालयांत असत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने पहिली ते आठवी हे प्रारंभिक शिक्षण मानले, आणि त्यानुसार राज्यातही पाचवीपर्यंत प्राथमिक व आठवीपर्यंत उच्च प्राथमिक अशी फेररचना स्वीकारण्यात आली. कागदावरची रचना बदलली, तरी इमारती, वर्गखोल्या व शिक्षकांची पदे त्या प्रमाणात बदलली नाहीत. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना आजही सातवीनंतर एकदा शाळा बदलावी लागते, आणि आठवीनंतर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

राज्य शिष्यवृत्ती परीक्षा

महाराष्ट्रातील प्रज्ञाशोधाचा सर्वांत जुना व सर्वांत व्यापक मार्ग म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा होय. ती १९५४-५५ पासून घेतली जाते. सध्या तिचे आयोजन पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद करते. पूर्वी ही परीक्षा चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून ती पाचवी व आठवीसाठी घेण्यात येऊ लागली. प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत प्रथम भाषा व गणित, तर दुसरीत तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी हे घटक येतात. विदर्भातील मराठी शाळांत या परीक्षेच्या तयारीसाठी सकाळचे जादा तास घेण्याची प्रथा जुनी आहे, आणि शाळेच्या दर्शनी फलकावर शिष्यवृत्तीधारकांची नावे लिहिण्याचीही.

आठवीच्या परीक्षेत गुणवत्ता यादीत आलेल्या विद्यार्थ्याला नववी व दहावी अशी दोन वर्षे शिष्यवृत्ती मिळते. २०२३-२४ पासून तिची रक्कम वार्षिक ७,५०० रुपये करण्यात आली. त्यापूर्वी ती अनेक वर्षे नाममात्र होती. या यशाच्या आधारे कोणत्याही शाळेत नववीची जागा राखून ठेवलेली नसते. २०२५ मध्ये राज्य शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर नेण्याचा निर्णय घेतला. शाळा बदलण्याचे वर्ष व परीक्षेचे वर्ष यांचा जुना मेळ त्यामुळे काही अंशी परत येतो. परंतु परीक्षा व प्रवेश यांचा थेट संबंध त्यानेही जुळत नाही.

असा संबंध एके काळी होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मधुकरराव चौधरी यांच्या पुढाकाराच्या काळात, राज्याने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने ही निवासी विद्यालये सुरू केली. सातारा जिल्ह्यातील पुसेगाव, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व अमरावती येथील विद्यानिकेतने त्यांपैकी होत. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील गुणवत्तेवर पाचवीत प्रवेश मिळे आणि विद्यार्थी दहावीपर्यंत तेथेच राहत असे. मधल्या इयत्तेत शाळा शोधण्याची वेळच त्याच्यावर येत नसे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती

केंद्र शासनाची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना (एनएमएमएस) २००८ मध्ये सुरू झाली. आठवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन देशभरात दरवर्षी १ लाख शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. बौद्धिक क्षमता चाचणी व शालेय क्षमता चाचणी या प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजार रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. शिष्यवृत्तीची रक्कम सुरुवातीला महिना ५०० रुपये होती, ती २०१७ पासून १,००० रुपये झाली. नववी ते बारावी या चार वर्षांत एकूण ४८,००० रुपये मिळतात.

या योजनेतील एक अट आठवीनंतरच्या प्रवेशावर थेट परिणाम करते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा विद्यार्थीच तिला पात्र असतो. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, शासनाच्या निवासी शाळा व खासगी विनाअनुदानित शाळा यांतील विद्यार्थी वगळलेले आहेत, आणि नववीपासून पुढेही ही अट कायम राहते. शिष्यवृत्ती मिळवलेल्या विद्यार्थ्याने नववीत नवोदय विद्यालयात प्रवेश घेतला, तर त्याला शिष्यवृत्ती सोडावी लागते. नवोदयमध्ये निवास व भोजन विनामूल्य असल्याने कुटुंबाचे नुकसान होत नाही. परंतु विनाअनुदानित शाळेचा विचार करणाऱ्या पालकांना चार वर्षांची रक्कम एका बाजूला आणि शाळेचे शुल्क दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब करावा लागतो.

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ही परीक्षा १९६३ मध्ये विज्ञान प्रज्ञाशोध म्हणून सुरू झाली व १९७७ मध्ये तिचे स्वरूप व्यापक झाले. २००६-०७ पासून काही वर्षे ती आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१२-१३ पासून ती पुन्हा दहावीकडे गेली. ३१ मार्च २०२१ नंतर योजना स्थगित आहे. आठवीच्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय पातळीवर ओळख देणारा हा मार्ग त्यामुळे आज उपलब्ध नाही.

जागा देणारे मार्ग

जवाहर नवोदय विद्यालय. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील ‘गतिनिर्धारक’ शाळांच्या कल्पनेतून ही विद्यालये उभी राहिली. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे, तर दुसरे विदर्भातच अमरावती येथे होते. नागपूर जिल्ह्याचे विद्यालय पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथे आहे. (नागपूर शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच नदीवरील धरणामुळेही हे गाव परिचित आहे.)

मुख्य प्रवेश सहावीत होतो व जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असल्याने नागपूर शहरातील मुलांची स्पर्धा मुळातच सुमारे २० जागांसाठी असते. आठवीत शिकणाऱ्यांसाठी नववीतील रिक्त जागांवर स्वतंत्र निवड परीक्षा होते. १०० गुणांच्या या परीक्षेत गणित व विज्ञान यांना प्रत्येकी ३५, तर इंग्रजी व हिंदी यांना प्रत्येकी १५ गुण असतात. सहावीनंतर जितके विद्यार्थी शाळा सोडून गेले असतील, तितक्याच जागा उपलब्ध होतात. हा आकडा दरवर्षी बदलतो व सहसा लहान असतो.

नववी हे नवोदयमध्येही स्थित्यंतराचे वर्ष आहे. गणित व विज्ञानाचे माध्यम या इयत्तेपासून इंग्रजी होते. शिवाय हिंदी व बिगर-हिंदी भाषक प्रदेशांतील विद्यालयांमध्ये नववीच्या ३० टक्के विद्यार्थ्यांची एका वर्षासाठी अदलाबदल केली जाते. नववी ते बारावीत महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती व जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील विद्यार्थी यांना त्यातून सूट आहे.

सैनिक शाळा. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सातारा येथे सुरू झाली. विदर्भातील मुलांना मात्र अनेक दशके दूरचा प्रवास करावा लागे. २०१९ मध्ये चंद्रपूर येथे सैनिक शाळा सुरू झाल्यावर हे अंतर कमी झाले. प्रवेश सहावी व नववीत अखिल भारतीय परीक्षेद्वारे मिळतो. नववीची परीक्षा ४०० गुणांची असून त्यांपैकी २०० गुण गणिताला असतात. वयाची मर्यादा ३१ मार्च रोजी १३ ते १५ वर्षे अशी आहे.

केंद्रीय विद्यालये. नागपुरात अजनी, वायुसेनानगर, अंबाझरी आदी ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत. नववीत प्रवेशासाठी हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांवर १०० गुणांची चाचणी घेतली जाते. तथापि जागा रिक्त असणे आवश्यक असते आणि बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना प्राधान्य मिळते. स्थानिक कुटुंबांना हा मार्ग क्वचितच खुला असतो.

अन्य शाळा. शहरातील अनुदानित व विनाअनुदानित शाळांत नववीसाठी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया नाही. शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक घेऊन पालकांनी प्रत्येक शाळेत स्वतंत्रपणे चौकशी करावयाची असते. मंडळ बदलायचे असल्यास नववी ही व्यवहारात शेवटची सोयीची इयत्ता ठरते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ नववी व दहावी हा सलग अभ्यासक्रम मानते आणि दहावीतील थेट प्रवेश केवळ ठरावीक कारणांसाठीच मान्य करते.

मोफत शिक्षणाची मर्यादा

अधिनियमाच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हा हक्क आठवीपर्यंतच आहे. राज्यात २०१२-१३ मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांची आठवी २०१९-२० मध्ये पूर्ण झाली आणि त्यानंतर दरवर्षी एक तुकडी या मर्यादेशी येऊन थांबते. त्याच शाळेत नववीत राहायचे तर पूर्ण शुल्क भरावे लागते. अन्यथा अनुदानित शाळेत, अनेकदा माध्यम बदलून, जावे लागते. वर्गातील सर्वांत हुशार विद्यार्थीही याला अपवाद नसतो. या दोहोंपैकी कोणता पर्याय घ्यावा, हे बहुधा गुणवत्तेपेक्षा घरच्या उत्पन्नावर ठरते. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नसल्याने त्यांच्या बाबतीत भार काहीसा हलका असतो. गणवेश, पुस्तके व शिकवणीचा खर्च राहतोच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच माध्यमिक टप्पा मानला आहे. अधिनियमातील आठवीची मर्यादा मात्र बदललेली नाही.

वेळापत्रकातील विसंगती

वरील परीक्षांचा क्रम लक्षात घेता निर्णय आठवीच्या पहिल्या सत्रातच घ्यावा लागतो. सैनिक शाळा व नवोदय यांचे अर्ज साधारणतः दिवाळीच्या आगेमागे भरले जातात. सैनिक शाळेची परीक्षा बहुधा जानेवारीत व नवोदयची फेब्रुवारीत होते. शिष्यवृत्ती परीक्षाही फेब्रुवारीत होते, पण तिचा निकाल हाती येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे आपले मूल गुणवत्ता यादीत आहे हे पालकांना समजते, तोवर निवासी शाळांची मुदत संपून जाते. याशिवाय केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववीचे वर्ग एप्रिलच्या आरंभी सुरू होतात, त्या वेळी राज्य मंडळाच्या शाळांतील आठवीची वार्षिक परीक्षा अनेकदा संपलेलीही नसते. विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात.

अन्यत्र

पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी या संस्थेची स्थापना डॉ. वि. वि. उपाख्य अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये केली. १९६९ मध्ये सुरू झालेली तिची प्रशाला बुद्धिमत्ता चाचण्यांद्वारे पाचवीत विद्यार्थी निवडते व दहावीपर्यंत शिकवते. न्यूयॉर्क शहरात आठवीतील विद्यार्थी विशेष माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा देतात आणि निवड झालेल्यांना नववीत स्टायव्हेसंट, ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स (स्थापना १९३८) यांसारख्या सार्वजनिक शाळांत विनामूल्य प्रवेश मिळतो. तेथे परीक्षेचे फळ म्हणजेच जागा असते. एकाच कसोटीवर सारे अवलंबून असल्याने तिच्यावर टीकाही होते.

अकरावीचा संबंध

नागपूर महानगरपालिका क्षेत्रात २०१७-१८ पासून अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत संपूर्ण राज्यात लागू झाली. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो व आठवीच्या शिष्यवृत्तीला त्यात अधिभार नाही. मात्र कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या शाळेतील विद्यार्थ्यांना संस्थांतर्गत कोट्याच्या १० टक्के जागांचा लाभ घेता येतो. त्यामुळे नववीसाठी शाळा निवडताना तिला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे की नाही, याची चौकशी नागपुरातील अनेक पालक आधीच करतात. नवोदय विद्यालयांतही अकरावीत रिक्त जागांवर प्रवेश दिला जातो.