दोन इंच फोम आणि होल्डॉल

होल्डॉल कोणी संपवला असं मला कुणी विचारलं, तर मी सूटकेसवाल्यांचं नाव घेणार नाही. मधु दंडवत्यांचं घेईन, आणि तेही कृतज्ञतेनं.

आम्ही नागपूरकर. मे महिन्यात आत्याकडे दादरला जायचं तर एकाच सामानात तीन हवामानांची सोय करावी लागे. जाताना वऱ्हाड-खानदेशातलं पंचेचाळीस अंशांचं कोरडं ऊन, दादरला घामाच्या धारा आणि परतताना पाऊस. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, आणि विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनअखेरीलाच उघडतात. त्यामुळे तो आम्हाला तिथंच गाठणार हे ठरलेलं.

पहिली तयारी उन्हाची. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा आणि खिडकीच्या गजाला बाहेरून टांगलेली छागल. जाड कॅनव्हासची ही पिशवी पाण्यानं पाझरत राही. वारा लागला की बाहेरचा ओलावा उडून जाई आणि आतलं पाणी गार पडे. भुसावळला फलाट तव्यासारखा तापलेला असायचा, पण छागलीतलं पाणी पिताना दात शिवशिवायचे. कसाऱ्याचा घाट उतरला की मात्र तिची करामत संपे. दमट हवेत ओलावा उडणार कुठे? कल्याणपर्यंत ते पाणी कोमट होई आणि आई उरलेलं पाय धुवायला वापरून टाकी.

कपड्यांचंही तसंच. कडक कांजी केलेली सुती पातळं नागपुरात शोभत. दादरला दुपारपर्यंत त्यांचं फडकं होई. म्हणून आई कांजी न केलेली दोन आणि पावसात लवकर वाळणारी नायलॉनची एक अशी पातळं घेई. आत्यासाठी कुरड्या आणि मुगवड्या घट्ट झाकणाच्या डब्यात जात, कारण त्या सादळल्या तर आत्या बोलून दाखवी. छत्र्या मुंबईतच घ्यायच्या. रेनकोट मात्र घरचा, डकबॅकचा. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केलेल्या बंगाल वॉटरप्रूफचा हा माल, आणि त्याचा रबरी वास आमच्या ट्रंकेतून वर्षभर जात नसे.

पण सगळ्या सामानाचा राजा होल्डॉल. जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षं साध्या वर्गाच्या प्रवाशाच्या पाठीशी होती ती लाकडी फळी. तिच्यावर रात्र काढायची तर अंथरूण घरूनच न्यावं लागे. आधी ते सतरंजीत गुंडाळून सुताच्या दोरीनं बांधत, ती वळकटी. पुढे साहेबांच्या सामानातला खाकी किंवा हिरव्या कॅनव्हासचा होल्डॉल नोकरदारांच्या घरी आला. पातळ गादी, चादर, उशा आणि दोन्ही टोकांच्या खोळींत चपला, टॉवेल, मळके कपडे असं भरून तो गुंडाळायचा. मग वडील त्याच्यावर गुडघा रोवून चामड्याचे पट्टे ओढत. परतीच्या पावसात तो भिजला तर हमालसुद्धा जास्त पैसे मागे. म्हणून आई गादीभोवती मेणकापड घाली.

१९७४ साली रेल्वेतला तिसरा वर्ग कागदावरून गेला. फळी मात्र राहिली. १९७७ साली जनता सरकार आलं आणि राजापूरचे खासदार दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालायचा निर्णय त्यांचा. फळी मऊ झाली की गादी नको, गादी नको तर होल्डॉल कशाला! त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. हावडा-मुंबई, आमच्या नागपूरवरून जाणारी. तिच्यात वरचा वर्गच नव्हता. सगळ्या गाड्यांना फोम लागायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि तेवढीच वर्षं आमचा होल्डॉल तगला. नंतर तो माळ्यावर गेला. फुगवायची उशी आणि एक चादर एवढ्यावर भागू लागलं. छागल गेली ती मात्र दंडवत्यांमुळे नव्हे, बंद काचांच्या एसी डब्यांमुळे आणि प्लास्टिकच्या बाटलीमुळे.

कुणी होल्डॉलच्या आठवणीनं गहिवरलं की मला थोडं हसू येतं. तो उचलणाऱ्यांना विचारा. माझ्या मते उन्हाळी प्रवाशाचं ओझं दोन इंच फोमनं जितकं कमी केलं, तितकं सामानाला चाकं लावणाऱ्यांनीही केलं नाही.

तरी एक विनंती. तुमच्या माळ्यावर अजून एखादा होल्डॉल असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून तो एकदा भरून घ्या आणि कुठल्या खोळीत काय जायचं ते लिहून ठेवा.