रोपं लावली, पण पाणी?

घरच्या कढीपत्त्यावरची हिरवी अळी पाहिलीय ना? आपण तिला उचलून फेकतो. बऱ्याचदा ती ‘कॉमन मॉर्मन’ फुलपाखराची असते. आजची गोष्ट तिच्या इंग्लंडमधल्या भाऊबंदाची, स्वॅलोटेलची.

केंब्रिजजवळ विकन फेन नावाची पाणथळ जागा आहे. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्टने तिथली २ एकर जमीन १० पौंडांना विकत घेतली. तिथे पिवळं-काळं स्वॅलोटेल उडायचं. ब्रिटनमध्ये त्याची अळी जवळजवळ एकाच वनस्पतीवर जगते: मिल्क पार्सली. कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातली, छत्रीसारखी पांढरी फुलं येणारी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हार्ड डिपेंडन्सी!

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे फुलपाखरू विकनमधून गायब झालं. पुढे शास्त्रज्ञांनी ते परत आणायचं ठरवलं. क्रमही बरोबर होता: आधी मिल्क पार्सलीची हजारो रोपं लावली, मग १९७५ मध्ये २२८ फुलपाखरं सोडली. पहिलं वर्ष छान गेलं.

आणि १९७६ मध्ये भयंकर दुष्काळ पडला.

पण दोष फक्त त्या उन्हाळ्याचा नव्हता. आजूबाजूच्या शेतांमधून माणसांनी शेकडो वर्षं पाणी उपसून काढलं होतं. तिथली पीट माती वाळली की आक्रसते, त्यामुळे शेतं खाली बसली. राखीव जागा मात्र ओट्यासारखी उंच राहिली आणि तिचं पाणी झिरपून जाऊ लागलं. कोरड्या जमिनीत मिल्क पार्सली खुरटी राहते. मादी तर अंडी घालायला गवतातून वर डोकावणारी उंच झाडं शोधते. काही वर्षांतच स्वॅलोटेल पुन्हा दिसेनासं झालं.

खरं सांगू? गेल्या पावसाळ्यात मीही सोसायटीमागच्या ओढ्याकाठी रानफुलांच्या बियांचं पाकीट उधळून आलो. फोटो टाकला, लाइक्स आले. दिवाळीपर्यंत ओढा कोरडा पडला आणि रोपं वाळून गेली. ओढ्याचं पाणी कुठे जातं, हे मी विचारलंच नव्हतं.

विकनने तो प्रश्न विचारला. पाणी अडवण्यासाठी बांध दुरुस्त केले. १९९९ मध्ये आजूबाजूची शेतं घेऊन त्यांना पुन्हा पाणथळ करायची योजना आखली, तीही तब्बल १०० वर्षांची. स्वॅलोटेल अजून तिथे परतलेलं नाही. पण काम आता योग्य टोकाकडून सुरू आहे.

तेव्हा यंदा बी जरूर पेरा. फक्त त्याआधी एकदा ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जाऊन या. भेटू पुढच्या भागात!