डाउनस्विंग कमरेने सुरू होत नाही

गोल्फचा क्लब वर नेऊन झाला, आता खाली आणायचा. त्या क्षणी शरीराने पहिली हालचाल कोणती करावी? या प्रश्नाला गेली साठ-सत्तर वर्षे एक ठरलेले उत्तर आहे: कंबर लक्ष्याकडे फिरवा, जितकी लवकर आणि जितकी जोरात फिरेल तितकी. टेक्सासपासून पुण्यापर्यंत कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर थोडा वेळ उभे राहिले तरी ‘हिप आधी, हिप आधी’ हे शब्द कानावर पडतात. हे उत्तर शिकवण म्हणून चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते इतके टिकले. पण ज्या हौशी खेळाडूंना ते सर्वाधिक ऐकवले जाते त्यांचेच ते सर्वाधिक नुकसान करते. पुढचे सारे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. या मताचा आद्य आचार्य बेन होगन. 1949च्या फेब्रुवारीत बसशी झालेल्या अपघातात हा माणूस मरता मरता वाचला, पुन्हा चालेल की नाही याची शंका होती. आणि पुढच्याच वर्षी मेरियनला त्याने यूएस ओपन जिंकली. 1953 साली मास्टर्स, यूएस ओपन आणि कार्नुस्टीची ब्रिटिश ओपन अशा तीन मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात त्याच्या नावावर झाल्या. चेंडू मारण्याच्या कौशल्यात त्याची बरोबरी करणारा झालाच नाही, असे मानणारे जाणकार आजही पुष्कळ आहेत. अशा माणसाने 1957मध्ये हर्बर्ट वॉरन विंड यांच्या साहाय्याने ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात डाउनस्विंगचा आरंभ कमरेच्या फिरण्याने होतो असे निःसंदिग्धपणे सांगितले. अँथनी रॅव्हिएली यांच्या चित्रांत खेळाडूच्या डाव्या खुब्याला एक ताणलेला रबरी पट्टा बांधून तो मागच्या भिंतीला जोडलेला दाखवला आहे. पट्टा सुटला की कंबर झटक्यात मागे खेचली जाते. हे चित्र एकदा पाहिले की विसरता येत नाही.

पुढे विज्ञानही या मताच्या मदतीला आले असे दिसले. 1992 साली जिम मॅक्लीन यांनी ‘एक्स-फॅक्टर’ ही कल्पना लोकप्रिय केली: बॅकस्विंगच्या टोकाला खांदे कमरेपेक्षा जितके जास्त फिरलेले, तितका फटका लांब. मग त्रिमितीय मोजणी आली. शरीरावर सेन्सर लावून घेतलेल्या आलेखांत असे आढळले की चांगल्या खेळाडूंच्या डाउनस्विंगमध्ये आधी कमरेचा, मग धडाचा, मग हातांचा आणि शेवटी क्लबचा वेग कळसाला पोहोचतो. कंबर पहिली! होगनने अनुभवाने सांगितले तेच यंत्रांनी सिद्ध केले, असा निकाल लागला आणि वाद मिटला असे सर्वांनी धरून चालले.

वाद मिटलेला नाही. पहिली गोष्ट, होगनने जे लिहिले त्यातला अर्धाच भाग लोकांनी उचलला. कंबर डावीकडे फिरवा असे सांगतानाच, वजन डाव्या पायावर जाण्यापुरती कमरेची लक्ष्याच्या दिशेने आडवी सरक झालीच पाहिजे, अशी अट त्याने त्याच ठिकाणी घातली आहे. सहा-सात दशके शिकवताना ही अट गळाली आणि रबरी पट्टा तेवढा राहिला. होगनच्या उपलब्ध चित्रफिती संथ गतीने पाहाव्यात: क्लब अजून मागे जात असतानाच त्याचा डावा गुडघा आणि खुबा लक्ष्याकडे निघालेले असतात, फिरणे त्यानंतर येते. जी हालचाल त्याच्या अंगात इतकी मुरलेली होती, तिच्यावर त्याला फारसे लिहावेसे वाटले नसावे. शिवाय होगनचा आयुष्यभराचा शत्रू होता हुक, म्हणजे डावीकडे वळणारा चेंडू. कंबर जोरात उघडणे हे त्या हुकवरचे त्याचे औषध होते. हौशी खेळाडूंपैकी बहुसंख्यांचा रोग नेमका उलटा, स्लाइसचा आहे. एका रोगाचे औषध विरुद्ध रोगाच्या माणसाला देऊन गुण येईल अशी आशा करणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट आलेखांची. वेगाचा कळस कोणाचा आधी येतो हे तो आलेख सांगतो. खेळाडूने मुद्दाम काय करावे हे तो सांगत नाही, आणि हालचालीला कारण कोणते झाले हेही सांगत नाही. त्याच आलेखाचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते: कमरेचा वेग कळसाला पोहोचल्यावर खाली येतो, आणि तोही चेंडूला क्लब लागण्याच्या आधी. कंबर मंदावते तेव्हा धड वेग घेते, धड मंदावते तेव्हा हात, आणि हात मंदावतात तेव्हा क्लब. प्रत्येक कडी थांबत थांबत आपला वेग पुढच्या कडीला देते. ‘कंबर शेवटपर्यंत जोरात फिरवत राहा’ हा उपदेश या आलेखाच्या विरुद्ध आहे, आणि तरी तो याच आलेखाच्या नावाने दिला जातो.

एक्स-फॅक्टरचेही असेच झाले. फिल चीथम आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निपुण आणि सामान्य खेळाडूंची तुलना आहे. टोकाच्या क्षणी खांदे आणि कंबर यांतले अंतर दोन्ही गटांत फारसे वेगळे नव्हते. फरक पडला तो डाउनस्विंगच्या आरंभी ते अंतर किती वाढले यात. आता हे अंतर वाढते कसे, हा खरा प्रश्न. कंबर पुढे निघाली आणि खांदे मागे राहिले तरच ते वाढणार. मुद्दाम, जोर लावून, एका झटक्यात कंबर फिरवणारा माणूस पोटाचे आणि पाठीचे सगळे स्नायू एकदम आवळतो. खांदे कमरेबरोबर ओढले जातात आणि अंतर वाढण्याऐवजी आहे तेवढेच राहते, किंवा कमी होते. पूर्वपक्षाने साक्षीला बोलावलेला हा पुरावा माझ्याच बाजूने बोलतो.

मग शरीराची पहिली हालचाल कोणती? याचे उत्तर पायाखाली आहे, आणि ते फोर्स प्लेट या उपकरणांनी दाखवले. खेळाडूच्या दोन्ही पावलांखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या ठेवल्या की दिसते ते असे: बॅकस्विंगच्या पहिल्या टप्प्यातच दाब उजव्या पावलाखाली कमाल होतो. क्लब अजून वर चालला आहे, पाठ अजून लक्ष्याकडे वळते आहे, आणि तेवढ्यात दाब डावीकडे परतू लागतो. डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येतो तोवर दाबाचा मोठा हिस्सा डाव्या पावलाखाली गेलेला असतो. म्हणजे ज्याला आपण डाउनस्विंगची सुरुवात म्हणतो ती बॅकस्विंग संपण्याआधीच होऊन गेलेली असते. खालचे शरीर परतीला लागलेले आणि वरचे अजून जाण्याच्या वाटेवर, अशी ती स्थिती. कैरी पाडायला दगड भिरकावणाऱ्या पोराकडे पाहा: दगडाचा हात मागे जात असतानाच त्याचे पुढचे पाऊल जमिनीवर पडते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते.

इथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण याच ठिकाणी शिकणारे आणि शिकवणारे दोघेही घसरतात. पावलाखालचा दाब आणि शरीराचे वजन या एकच गोष्टी नव्हेत. डोके आणि छाती चेंडूच्या मागे ठेवूनही डाव्या पायाने जमीन दाबता येते. दाब पुढे जातो तेव्हा सबंध धड पुढे झोकून द्यायचे नसते. होगनच्या मताला कंटाळलेले काही जण ‘कंबर सरकवा’ अशा टोकाला गेले, आणि त्यांचे शिष्य लक्ष्याकडे हातभर सरकून क्लबला पाठीमागे अडकवून बसले. तो मार्गही चुकीचाच.

दाब आधी का लागतो, याचे कारण साधे यांत्रिक आहे. शरीर हवेत स्वतःला फिरवू शकत नाही. फिरायला जमिनीचा आधार लागतो. एका पावलाने जमीन एका दिशेला आणि दुसऱ्याने विरुद्ध दिशेला ढकलली की जमीन शरीराला पीळ देते. पण पाऊल जमिनीला आडवे ढकलू शकते ते घर्षणाच्या जोरावर, आणि घर्षण किती मिळणार हे त्या पावलाखाली किती दाब आहे यावर ठरते. डाव्या पावलाखाली दाबच नसेल तर त्याच्याकडून कसलाच पीळ मिळणार नाही. अशा वेळी जोरात कंबर फिरवणारा माणूस उजव्या पायावर गिरकी घेतो: डावा खुबा मागे पळतो, उजवा खांदा पुढे येतो, क्लब बाहेरच्या बाजूने चेंडूवर पडतो आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. रेंजवर दर रविवारी दिसणारा हा स्लाइस अनेकदा आळशी कमरेचा नसतो. आधाराविना फिरलेल्या कमरेचा तो असतो. आणि अशा माणसाला ‘अजून जोरात फिरव’ म्हणून सांगितले जाते!

दाब डावीकडे गेल्यावर मग पीळ, आणि पिळानंतर उभा धक्का, असा क्रम फोर्स प्लेटवर दिसतो. शरीर किंचित खाली बसते, मग डावा पाय सरळ होताना जमिनीला खाली ढकलतो. सॅम स्नीडचे दोन्ही गुडघे फाकवून क्षणभर बसल्यासारखे होणे जुन्या छायाचित्रांत प्रसिद्ध आहे. हा उभा धक्काच डाव्या खुब्याला वर आणि मागे नेतो. होगनने रबरी पट्ट्याने दाखवलेली खेच ती हीच. तिचे उगमस्थान भिंतीत नसून टाचेखाली आहे, आणि कंबर फिरते ती परिणाम म्हणून.

हाताचा पक्ष घेणारे यावर म्हणतील, पायांचा एवढा बाऊ कशाला? अर्नेस्ट जोन्स या इंग्रज व्यावसायिकाने पहिल्या महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गमावला, तरी तो उत्तम गोल्फ खेळला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘फक्त क्लबचे डोके फिरवा’ एवढेच शिकवत राहिला. जोन्सबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि शरीराच्या तुकड्यांना सुटे हुकूम देऊ नयेत हे त्याचे सांगणे मी शिरोधार्य मानतो. पण त्याने गमावला तो उजवा पाय होता. ज्या पायावर डाउनस्विंगची भिस्त असते तो डावा पाय त्याच्याजवळ शाबूत होता.

जोन्सच्या म्हणण्यात जे खरे आहे त्याला नंतर प्रयोगांचाही आधार मिळाला. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 साली नवशिक्यांना छोटे पिच फटके शिकवले. एका गटाला लक्ष हातांच्या हालचालीवर ठेवायला सांगितले, दुसऱ्याला क्लबच्या झुलण्यावर. दुसऱ्या गटाचे फटके अधिक अचूक ठरले. हा प्रयोग पिच फटक्यांचा आहे, ड्रायव्हरचा नाही; त्यातून सगळे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या अवयवापेक्षा अवयवाबाहेरच्या वस्तूवर लक्ष ठेवणे शिकायला सोपे जाते, ही दिशा त्यानंतरच्या कितीतरी कौशल्यांच्या अभ्यासांत पुन्हा दिसली आहे. ‘कंबर फिरव’ हा अवयवाला दिलेला हुकूम आहे. ‘डाव्या पायाखालची जमीन दाब’ यात लक्ष जमिनीवर जाते.

वेळेचाही विचार करा. डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात उरकतो आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. टोकाला पोहोचल्यावर ‘आता कंबर’ असा विचार करणारा माणूस विचार संपवेपर्यंत चेंडू गेलेला असतो. म्हणून सुधारणा टोकाच्या आधीच पेरावी लागते.

ती पेरण्याचा सर्वांत चांगला उपाय जुनाच आहे. सात नंबरचे आयर्न घ्या, दोन्ही पावले जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या. तो कमरेच्या वर गेला, पण टोकाला पोहोचला नाही, अशा वेळी डावे पाऊल लक्ष्याकडे टाका आणि मग मारा. सुरुवातीला चेंडू न ठेवता करा. क्लब मागे जातो आहे आणि पाऊल पुढे पडते आहे, हे दोन्ही एकाच वेळी घडले पाहिजे. थांबून, मग पाऊल, मग फटका असे केले तर व्यायाम वाया गेला. अंगात ती लय बसली की पावले नेहमीसारखी ठेवून तोच दाब द्या, पाऊल न उचलता. ज्यांचे खुबे वयाने किंवा बैठ्या कामाने आखडले आहेत त्यांनी डावे पाऊल थोडे बाहेर वळवून उभे राहावे. होगननेही तेच सांगितले होते, आणि ते मात्र शब्दशः पाळण्यासारखे आहे. गुडघ्याचे दुखणे असेल तर उभ्या धक्क्याचा सराव वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

पुढच्या वेळी रेंजवर जाल तेव्हा मित्राला तुमच्या समोर उभे करून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण घ्यायला सांगा. क्लबची दिशा बदलते त्या चौकटीवर ते थांबवा आणि फक्त डावा गुडघा पाहा. तो तोवर लक्ष्याकडे निघालेला नसेल, तर कमरेचा सराव बंद करा आणि महिनाभर पाऊल टाकण्याचा हा एकच व्यायाम करा.