सकाळच्या शाळेला चला

पायातलं आधी काढा. बूट, मोजे, सगळं. सहा वर्षांच्या पोराच्या पायात इथे काही नसतं आणि वाट फुफाट्याची आहे. आत्ता दिवस उगवायच्या वेळी ती गार लागतेय, बोटांच्या फटींतून धूळ वर येतेय, गंमत वाटतेय ना? परतताना हाच फुफाटा तापलेला असेल. तेव्हा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत पळायचं, म्हणून झाडं आत्ताच हेरून ठेवा. पहिली बाभळ, मग ओढ्याकाठचा कडुनिंब, मग थेट देवळाची भिंत. मधे काही नाही. मधे फक्त ओरडत पळायचं.

तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहात. साल 1970 च्या आगेमागे, महिना फाल्गुन. 'बनगरवाडी' वाचली असेल तर हा मुलूख तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही. अंगात थोरल्या भावाची खाकी चड्डी आहे, मागे दोन ठिगळं, आणि ती घसरू नये म्हणून करदोट्यात खोचलीय. मुलगी व्हायचं असेल तर परकर-पोलकं घ्या, पण मग वेणीला तेल इतकं चोपडलं जाईल की कानामागून ओघळ येईल. निवड तुमची. दप्तर दोघांनाही एकच, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिच्यात पाटी, पेन्सिलीचे तुकडे आणि फडक्यात बांधलेली बाजरीची अर्धी भाकरी. ही भाकरी पहिल्या तासाला खायची नसते. तुम्ही खालच, सगळेच खातात.

टोल ऐकू आला? शाळेपुढच्या लिंबाला रेल्वे रुळाचा तुकडा टांगलाय, त्यावर चौथीतला एक दांडगा पोरगा लोखंडी खिळा हाणतोय. सात वाजले. मार्च लागला की शाळा सकाळची होते आणि उन्हं चटकायच्या आत सुटते. भिंतीवर निळीच्या अक्षरांत 'जीवन शिक्षण मंदिर' लिहिलंय. जिल्हा परिषदा 1962 साली आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या, तरी पारावरची म्हातारी माणसं हिला अजून लोकल बोर्डाची शाळाच म्हणतात.

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आता आत या. वाका मात्र, चौकट ठेंगणी आहे.

एकच लांबलचक खोली. बिगरी धरून पाच वर्ग, शिकवायला गुरुजी आणि बाई अशी दोनच माणसं. तुम्ही बिगरीत, म्हणजे दाराजवळ, जिथे कुत्रं आत आलं तर पहिल्यांदा तुमच्या अंगावरून जातं. तुमचं नाव अजून पटावर नाही. थोरल्या बहिणीच्या मागे लागून आलात आणि बसलात, एवढंच. अशी बिनपटाची पाच-सात पोरं शाळेत कायम असतात, कुणी हाकलत नाही.

आणि आवाज! एका कोपऱ्यात बिगरी 'ग म भ न' घोकतेय, तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी वजाबाकी करतेय, तिसरी कविता चालीवर म्हणतेय आणि पलीकडे चौथी उभं राहून एकोणतीसचा पाढा ओढतेय. पाढा नेहमी एकाच ठिकाणी अडतो, एकोणतीस सत्ते. तिथे वीस पोरांचा आवाज एकदम बारीक होतो, मग कुणीतरी धीर करून 'दोनशे तीन' म्हणतं आणि सगळी जोरात त्याच्यामागे धावतात. गुरुजी जुन्या पठडीतले आहेत. दशमान आलं, किलो-मीटर आले, तरी त्यांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सोडलेली नाही. थोरांना ते औटकीपर्यंत नेतात. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. इथली चौथीतली पोरगी तो झोपेत म्हणेल. आपण फोन काढू.

पाटीवर अक्षर चुकलं? थुंकी लावून पुसू नका, बाई बघताहेत. सरस्वती कोपते म्हणतात. ओल्या फडक्याची चिंधी आणायची असते, ती तुम्ही विसरलात, मग शेजारच्याची मागा. तो देईल, बदल्यात पेन्सिलीचा तुकडा घेईल आणि लिहायच्या ऐवजी कुडुमकुडुम खाऊन टाकेल. तुम्हीही एक दाढेखाली धरून बघा. पहिल्या पावसाची चव लागते. घरी मार बसतो, तरी सवय सुटत नाही.

सुट्टी छोटीच, पण तेवढ्यात चिंचेखाली गर्दी होते. गाभुळलेली चिंच हाताला अर्धी कडक, अर्धी मऊ लागते. टरफल सोलताना सुटं होतं. दात आंबून जातात, भाकरी चावता येत नाही, डोळे मिटतात, आणि तरी दुसरं बोटूक हातात असतं. चिंचोके फेकू नका! ते शाळेची मिळकत आहेत. बिगरीची सगळी गणितं चिंचोक्यांवर चालतात. दहाचा ढीग, त्यातले तीन काढा, किती राहिले? पोरांनी दोन आधीच खिशात घातलेले असल्यामुळे उत्तर कधी बरोबर येत नाही.

शनिवारी वेगळा वास. थोरल्या मुली पाटीभर शेण आणतात, मुलं आडाचं पाणी शेंदतात आणि परकर खोचून खोली सारवली जाते. हाताच्या फिरकीने अर्धगोल उमटत येतात. हिरवा, ओला, जनावराच्या अंगासारखा ऊबदार वास खोलीभर कोंडतो. जमीन सुकेपर्यंत शाळा लिंबाखाली भरते. लिंब या दिवसांत मोहरतो, त्याची पांढरी बारीक फुलं पाटीवर गळतात, आणि मन पाटीत राहात नाही. मुलांनीही सारवावं असं कुणाच्या डोक्यात येत नाही, तेवढं आपण बघून ठेवू.

अरे, हा कसला गोंधळ?

"देवीडॉक्टर आला! देवीडॉक्टर आला!"

पळा. काही विचारू नका, आधी पळा. अर्धी शाळा ओढ्याकडे निघालीय. सायकलवरून एक टोपीवाला माणूस उतरतोय, पाठीमागे पेटी बांधलेली. गुरुजींनी दारात काठी आडवी धरलीय आणि चौथीतली पोरं, जी स्वतः पूर्वी अशीच पळाली होती, ती आता शिकाऱ्याच्या उत्साहाने बारकी पोरं धरून आणताहेत. तुम्हाला बाभळीखालून काढलं. मांडीवर दाबून बसवलं. दंडावर थेंब, मग टोकदार हत्यार टेकवून गर्रकन फिरवलं. जेवढं ओरडलात तेवढं दुखलं नाही, कबूल करा. तापेल अंग दोन दिवस, फोड येईल, खपली धरेल. 1975 नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही, त्यात तुमच्या या दंडाचाही वाटा आहे. आत्ता मात्र तुम्हाला त्याचं काही नाही. नाक पुसा.

होळी जवळ आली की पोरांची हजेरी भरते, लक्ष मात्र रात्रीकडे असतं. कुणाच्या गोवऱ्या कुठे रचल्यात याची माहिती वर्गात कुजबुजत फिरते. चोरायच्या तर गुरुजींच्या पहिल्या. गुरुजींनाही ते माहीत असतं, म्हणून वरच्या थराला ते मुद्दाम फुटक्याच ठेवतात. होळीच्या रात्री तोंडावर हात मारून बोंबलायला पूर्ण परवानगी. वर्षभर गप्प बसायला लावणारी मोठी माणसंच म्हणतात, बोंबल लेका! धुरात डोळे झोंबताहेत, पोळीचा घास भाजल्या नारळाबरोबर तोंडात आहे आणि घसा बसलाय. धुळवड उरकून शाळा भरते तेव्हा एकोणतीसचा पाढा कुणालाच म्हणता येत नाही. आवाजच नाहीत. रंगपंचमीला माळावरची पळसाची फुलं पोत्याने येतात, चुलीवर उकळतात आणि शाळेचे सगळे सदरे केशरी-पिवळे होतात. तो रंग जात नाही. वार्षिक परीक्षेला मुलं त्याच सदऱ्यांत बसतात.

याच दिवसांत शाळू काढणीला येतो आणि वर्गात भोकं पडतात. आज हा नाही, उद्या ती नाही. गुरुजी सायकल काढून खळ्यावर जातात. चला, तुम्हीही दांडीवर बसा. खळ्यावर कडब्याचा कोरडा वास, कुसं मानेत शिरताहेत, अंग खाजतंय. कणसांच्या ढिगाआडून एक टोपी दिसते आणि लपते.

"परीक्षा आलीय. पोराला धाडा."

"धाडतो की गुर्जी. एवढी कणसं खुडून हुंदेत."

"मागच्या बुधवारी हेच म्हणालात."

"बसा, पाणी प्या."

गुरुजी पाणी पितात, बसतात, हातासरशी दहा-वीस कणसं खुडतातही. पोरगा दुसऱ्या दिवशी येतो. गुरुजींनी रागावून काही साधलं असतं असं मला वाटत नाही.

पाडव्याला आंघोळ लवकर. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, हरभऱ्याची डाळ, सगळं वाटून केलेली गोळी आई जिभेवर ठेवते. थुंकू नका, ती समोर उभी आहे. तोंड कडू असतानाच गळ्यात गाठी पडते. साखरेचा हा दागिना शाळेपर्यंत पुरवायचा असतो. तुमची गाठी देवळापर्यंत निम्मी होते, छातीवर चिकट ओघळ येतात आणि माश्या बरोबर चालू लागतात. दारोदारी खणाच्या गुढ्या, त्यांवर पालथे तांबे, उन्हात डोळ्यांवर तिरीप मारणारे.

आज पाटीपूजन. पाट्या ओढ्यावर वाळूने घासून कोळशाने काळ्या केल्यात. पाटीवर सरस्वती काढायची, एकाचे आकडे जोडून जोडून. नीट आली नाही तरी चालेल, हळद-कुंकू आणि फूल वाहिल्यावर सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. आणि आज तुमचं नाव घालायचं आहे. पाडवा हा त्याचा मुहूर्त. आईने डोक्यावरचा पदर सावरत तुम्हाला पुढे ढकललंय.

"उजवा हात डोक्यावरून घे. डावा कान धर."

हीच प्रवेश परीक्षा. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की पोर शाळेच्या वयाचं. ताणा! मान वाकडी करू नका, गुरुजींना ती युक्ती माहीत आहे. बोटाचं टोक कानाच्या पाळीला लागलं. पोचला!

"जन्म कधीचा?"

"आता तारीख कुठनं सांगू गुर्जी? वढ्याला मोठा पूर आला हुता बघा, म्हस वाहून गेली, त्या सालचं."

गुरुजींना म्हैस आठवते. ते बोटांवर काही मोजतात. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पोराची सहा पुरी झालेली हवीत. टाक दौतीत बुडतो, शाईचा ठिपका रजिस्टरवर पडतो आणि तुमच्या नावापुढे तारीख चढते, 1 जून. तुमच्या मागे उभ्या असलेल्या मुलीच्या नावापुढेही तीच. तिच्या मागच्याचीही. आई समाधानाने मान हलवते आणि गुरुजींच्या पुढ्यात साखरेची पुडी ठेवते.

पुढचे दिवस फार भरभर जातात. चैत्र शुद्ध द्वादशीला शिंगणापूरच्या महादेवाच्या कावडी मुंगी घाट चढणार, म्हणून आधीचे दोन दिवस वाटेने ढोल-झांजा वाजत असतात आणि शाळेत भिंती शिकतात. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. तुम्हाला कुणीतरी लंगोट लावून उतरवलं, तुम्ही हरलात, तरी मूठभर रेवड्या मिळाल्या, दातांत चिकटल्या. मग परीक्षा. बिगरीची तोंडी असते. गुरुजी चिंचोके मांडतात, तुम्ही मोजता, खिशातले परत ठेवता, पास.

1 मेला झेंडावंदन आणि निकाल. झेंड्यापुढे सगळे उन्हात उभे, पाय आळीपाळीने उचलत, कारण जमीन भाजतेय. नावं वाचून झाली की लगेच बाजार भरतो. वरच्या वर्गात गेलेले आपली पुस्तकं निम्म्या किमतीला विकताहेत. बालभारतीची ही पुस्तकं अजून नवी आहेत, संस्थाच 1967 ची. उघडून हुंगा. शाईच्या वासात आधीच्या मालकाच्या लोणच्याचाही वास मिसळलाय, भाव त्यावरून ठरतो.

चौथीची मुलं मात्र खरेदीत नाहीत. पाचवीला मोठ्या गावी जायचं, म्हणून ती गुरुजींच्या टेबलाभोवती दाखल्यासाठी दाटली आहेत. गुरुजी रजिस्टरमधून एकेक ओळ उतरवून घेतात, शिक्का मारतात, फुंकर घालून कागद हातात देतात. मुलं आपली जन्मतारीख आयुष्यात पहिल्यांदा वाचतात. "माझा 1 जून." "माझापण!" "आरं, माझाबी!" सगळ्यांना फार आनंद होतो. एकाच दिवशी जन्मलो, हा त्यांना योगायोग वाटतो.

ती तारीख पुढे दाखल्यावरून नोकरीच्या सेवापुस्तकात गेली. म्हणूनच महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निवृत्तीचे सगळ्यात जास्त हार 31 मेला लागत आले. तुमच्या घरात 1 जूनच्या वाढदिवसाचं कुणी असेल तर त्यांना केक भरवण्याआधी एवढं विचारा, खरा जन्म कुठल्या पुरातला, कुठल्या सुगीतला? सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.